बाहेरचं भांडार

सगळा घोळ ‘क्षार’ या शब्दातल्या ‘क्ष’पासून सुरू झाला.

लातूरच्या शिखरवेध अकॅडमीत दरवर्षी भूकंपग्रस्त गावांतल्या चाळीस मुलांना अकरावी-बारावीची शिकवणी मोफत मिळायची. भूकंपाला बावीस वर्षं होत आली होती. परीक्षेला बसणारी पोरं भूकंपानंतर जन्मलेली, पण पत्र्याच्या शेडमधून पुनर्वसनाच्या घरात गेलेल्या आईबापांची लेकरं म्हणून तीही भूकंपग्रस्तच. त्यांची निवड परीक्षा यंदा कॉम्प्युटरवर घ्यायची, असं संचालक गुरुपादप्पा सरांनी ठरवलं. सर मूळचे केमिस्ट्रीचे. बोलताना ते प्रत्येक गोष्टीचं समीकरण मांडत आणि त्याच्या दोन्ही बाजू स्वतःकडेच ठेवत.

परीक्षेसाठी त्यांनी कपाटाएवढा सर्व्हर आणला. त्यावर ‘एंटरप्राइझ’ दर्जाची, दरसाल वर्गणी भरायची ऑपरेटिंग सिस्टिम घेतली. हा शब्द सरांना इतका आवडला, की त्या आठवड्यात ते चहालाही ‘एंटरप्राइझ चहा’ म्हणाले. सर्व्हरची जबाबदारी ताहेर खतीब यांच्यावर आली. ताहेर अकॅडमीचे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. तशी पाटी त्यांनी स्वतःच्या खोलीवर स्वतः करवून लावली होती. तरी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना ‘कॉम्प्युटरवाले भाई’ म्हणत आणि प्रिंटरमधला कागद अडकला की हाक मारत. वय सेहेचाळीस. अशा माणसाला कागद ओढून काढताना काय वाटतं, हे ज्यानं ओढला त्यालाच माहीत.

परीक्षेच्या दहा दिवस आधी ताहेरनी मराठी प्रश्नपत्रिकेची पहिली प्रिंट काढली. ‘क्षार’ फुटून ‘क्’ एका ओळीत आणि ‘षार’ दुसऱ्या ओळीत गेला होता. ‘अभिक्रिया’तली वेलांटी शब्दाच्या शेवटी जाऊन बसली होती. ‘ऊर्ध्वपातन’ तर वाचवतच नव्हतं. झेडपीच्या शाळेतून येणाऱ्या पोरानं हे वाचून उत्तर द्यायचं म्हणजे आधी जोडाक्षरं गोळा करायची आणि मग रसायनशास्त्र.

उपाय सोपा होता. जोडाक्षरं जागेवर ठेवणारा छोटासा प्रोग्रॅम जगभरच्या लोकांनी मिळून केलेला होता, फुकट होता. ताहेरच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चार वर्षं बिनतक्रार चालत होता. पण या एंटरप्राइझ सिस्टिमच्या अधिकृत भांडारात तो नव्हता. या सिस्टिमला जे काही लागतं ते ती इंटरनेटवरच्या ठरलेल्या भांडारातून घेते. त्या भांडाराला म्हणायचं रिपॉझिटरी. अधिकृत भांडारात नसेल तर लोकांनी चालवलेलं पूरक भांडार जोडायचं. दोन ओळींचं काम.

ताहेर सरांकडे गेले.

“बाहेरचा माल?” गुरुपादप्पा सर खुर्चीतून पुढं सरकले. “आपण कंपनीचा घेतलाय ना? मग बाहेरचा कशाला?”

“सर, चांगलं भांडार आहे. सगळं जग वापरतं.”

“सगळं जग काय काय वापरतं, ते आपण वापरतो का? बरं, कितीला आहे?”

“फुकट.”

इथंच ताहेरची चूक झाली. काहीतरी आकडा सांगितला असता तर सरांनी घासाघीस करून मान्य केला असता. फुकट म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर संशय आला. संस्थेचा नियम असा, की बाहेरून काहीही आणायचं तर तीन कोटेशनं. ताहेरनी नम्रपणे विचारलं, फुकटच्या वस्तूची कोटेशनं कुठून आणायची? सर म्हणाले, “ते तुम्ही बघा, टेक्निकल माणूस तुम्ही.” ताहेरनी शून्य रुपयांची तीन कोटेशनं स्वतःच टाइप केली. त्यातलं सगळ्यात कमी दराचं मंजूर व्हायला दोन दिवस लागले, कारण तिन्ही सारखीच होती.

ही हकीकत गल्लीत पोचली. ताहेरच्या शेजारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले महादेवप्पा राहत. मशीन कोणतंही असो, त्यांचा सल्ला एकच असे.

“ताहेरभाई, पैलं सगळं बंद करा. धा मिनटं थांबा. मग चालू करा. आमच्या एक्स्चेंजात लई मोठमोठाले प्रॉब्लेम असेच गेले.”

“ह्यात बंद-चालूचा प्रश्न नाही, काका. भांडार जोडायचंय.”

“मग जोडू नका. एकदा का बाहेरची वायर आत घेतली, की आतलं कुठलं न् बाहेरचं कुठलं, ते कुणाला कळत न्हाई.”

हा सल्ला अगदी बरोबर होता, हे ताहेरना चार दिवसांनी कळलं. महादेवप्पांना ते कधीच कळलं नाही. ते लगेच पुढं म्हणाले होते, की त्यापेक्षा पेपर इंग्रजीत काढा.

मंजुरी घेऊन ताहेर सर्व्हरपुढं बसले तेव्हा सर्व्हरनं दुसरी अट घातली. पूरक भांडार जोडायच्या आधी कंपनीचं स्वतःचं एक ‘ऐच्छिक’ भांडार उघडावं लागतं. ते उघडायचं तर सबस्क्रिप्शन आपल्या नावावर पाहिजे. ते शिखरवेधच्या नावावर नव्हतं, ताहेरच्याही नव्हतं. ज्या नांदेडच्या डीलरकडून सर्व्हर घेतला होता, त्याच्याकडच्या कुणा प्रेम नावाच्या पोऱ्यानं घाईत स्वतःच्या ईमेलवर नोंदवून टाकलं होतं.

ताहेरनी डीलरला फोन लावला. “प्रेम? त्यानं काम सोडलं की. नायगावला हाय तो आता. तुम्हीच भेटा, आमचा फोन उचलत न्हाई.”

गुरुवारी सकाळी सहाच्या एस.टी.नं ताहेर निघाले. नांदेडला उतरले, नायगावची गाडी धरली आणि दुपारी एकला खतं-बियाण्यांच्या एका दुकानात पोचले. नांदेडच्या विष्णुपुरी कॉलेजातून इंजिनिअरिंग केलेला प्रेम तिथं गल्ल्यावर बसून एका शेतकऱ्याला कपाशीचं बियाणं समजावून सांगत होता. पोरगा सालस निघाला. लाजलाही.

“सर, सॉरी. पण पासवर्ड आता ध्यानात न्हाई. मोबाइल नंबरबी बदलला. सुरक्षा प्रश्नावरून काढता येतो बगा.”

दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यानं पान उघडलं. प्रश्न होता: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? प्रेम छताकडं बघत राहिला. मग त्यानं आईला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला.

“आई, आपल्या पैल्या कुत्र्याचं नाव काय व्हतं गं?”

“कुत्रं?” पलीकडून सरजाबाईंचा आवाज आला. “आपल्याकडं कुत्रं कधी व्हतं रे? म्हैस व्हती. जेवला का तू?”

“म्हशीचं नाव सांग.”

“चांदी. का रं, कुणी इचारून राहिलं?”

“लातूरचे सर आलेत.”

“म्हशीसाठी?” सरजाबाईंना हे काही पटलं नाही. “ती तर इकली की. त्यांला सांग, आता न्हाई.”

प्रयत्न तीनच होते. इंग्रजीत ‘चांदी’ एका पद्धतीनं लिहिलं, चुकलं. दुसऱ्या पद्धतीनं लिहिलं, चुकलं. सेहेचाळीस वर्षांचा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर खताच्या पोत्यावर बसून एका विकलेल्या म्हशीच्या नावाचं शुद्धलेखन करत होता आणि बियाण्याचा शेतकरीही आता त्यात सामील झाला होता. “शेवटी दोन ई लावा,” शेतकरी म्हणाला, “आमचा पोरगा तसंच लिवतो.” दोन ई लावले. दार उघडलं. ताहेरनी त्या शेतकऱ्याचे हात हातात घेतले.

शनिवारी सकाळी ताहेरनी ऐच्छिक भांडार उघडलं, पूरक भांडार जोडलं. इथवर सगळं सुरळीत. पण त्या छोट्या प्रोग्रॅमला आणखी एक तुकडा हवा होता आणि तो त्या भांडारातही नव्हता. इंटरनेटवर एका परदेशी सद्गृहस्थानं लिहिलं होतं, की माझ्या खासगी भांडारात तो आहे, जोडून टाका, काही होत नाही. परीक्षा दुसऱ्या दिवशी नऊला होती. ताहेरनी जोडून टाकलं. सर्व्हरनं विचारलं, एवढ्या दोनशे चौदा गोष्टी बदलू का? यादी लांबलचक होती. ताहेरनी ती वाचली नाही. ‘हो’ म्हणाले.

त्या सद्गृहस्थाच्या भांडारानं एक तुकडा दिला आणि त्याबरोबर सर्व्हरच्या मूळच्या दोनशे तेरा वस्तू बाहेर काढून स्वतःच्या मांडल्या. जोडाक्षरं झकास दिसू लागली. परीक्षेचा प्रोग्रॅम मात्र मेला. परत आधीसारखं करायचं तर बॅकअप हवा. बॅकअपच्या डिस्कवर सरांच्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग होतं आणि ते पुसायची लेखी परवानगी तीन महिने प्रलंबित होती.

दुपारी ताहेर सरांच्या केबिनमध्ये उभे राहिले. “सर, माझी चूक झाली. मी यादी न वाचता हो म्हटलं. दुरुस्त होईल, पण उद्या सकाळपर्यंत नाही. आपण पेपर कागदावर घेऊ.”

सरांनी खिडकीतून समोरच्या चौकातलं होर्डिंग दाखवलं. ‘मराठवाड्यातील पहिली डिजिटल निवड परीक्षा’. खाली मोठे पाहुणे, त्याहून मोठे सर.

“उद्घाटन होणार. पाहुणे बटण दाबणार. पडद्यावर काहीतरी दिसलं पाहिजे. काय दिसेल?”

“सर, चित्र दिसेल.”

“मग चित्र दाखवा. पाहुणे गेले की कागद वाटा.”

रविवारी सहाशे बारा पोरं आली. पहिल्या एस.टी.नं निघालेली, कुणी डबा घेऊन, कुणी आईला घेऊन. पाहुणे नऊऐवजी पावणेअकराला आले. त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर ताहेरनी तयार ठेवलेली ‘परीक्षा सुरू झाली आहे’ अशी पाटी झळकली. टाळ्या झाल्या. ‘क्ष’ एकदम ठणठणीत होता. पाहुणे जेवायला गेले आणि मे महिन्याच्या उन्हात, मांडवाखाली, ताहेरच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करून झेरॉक्स काढलेले पेपर वाटले गेले. पोरांना त्याचं काही वाटलं नाही. ती खाली मान घालून लिहीत राहिली. मांडवाबाहेर आया पदरानं वारा घेत बसल्या होत्या. सोमवारच्या पेपरात डिजिटल परीक्षा यशस्वी झाल्याचं छापून आलं.

त्याच सोमवारी ताहेरनी ते परक्याचं भांडार काढून टाकलं. दोनशे तेरा वस्तू एकेक करून, यादी वाचत, पूर्ववत बसवल्या. हवा असलेला तुकडा त्यांनी स्वतः तयार केला. दुपारपर्यंत सर्व्हर चालू झाला, आणि असा चालू झाला की ताहेर त्याच्यापुढं काही वेळ नुसते बसून राहिले. हे बघायला कुणीच नव्हतं. शिपाई आला तो प्रिंटरमध्ये कागद अडकल्याचं सांगायला.

मग मंगळवारी रात्रीपर्यंत बसून त्यांनी सहाशे बारा उत्तरपत्रिकांवरचे पर्याय सर्व्हरमध्ये भरले. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण सर्व्हर त्यासाठीच आणला होता. बुधवारी सकाळी चाळीस नावांची यादी छापून निघाली. पहिलं नाव होतं किल्लारीकडच्या एका पुनर्वसन वस्तीतल्या राजश्री नावाच्या मुलीचं. शंभरात चौऱ्याण्णव.

यादी घेऊन ताहेर निघाले आणि नोटीस बोर्डापाशी थबकले. तिथं चाळीस नावांची यादी आधीच लागलेली होती, सरांच्या सहीशिक्क्यासह.

उत्तरपत्रिका तर ताहेरच्या कपाटात होत्या. ते केबिनमध्ये गेले.

“सर, ही यादी कशावरून केली?”

“कमिटीनं केली.”

“पण पेपर कुणी तपासले?”

“ताहेरभाई, कमिटीला अनुभव आहे.” सरांनी फाइलवरून नजर न काढता सांगितलं. “पोरगं बघितलं की कळतं.”

ताहेर बाहेर येऊन दोन्ही याद्या शेजारी धरून वाचत राहिले. दोन्हींत असलेली नावं नऊ. बाकीच्यांत मार्केट यार्डातल्या एका अडत्याचा मुलगा होता, रविवारच्या पाहुण्यांच्या ड्रायव्हरचा पुतण्या होता, खुद्द लातुरात जन्मून लातुरातच वाढलेले आठदहा जण होते. राजश्रीचं नाव कुठंच नव्हतं.

पुढं ताहेरनी जे केलं ते धाडस म्हणून केलं, असं सांगायला आवडलं असतं. पण ते तसं नव्हतं. हातातल्या यादीत प्रत्येक जोडाक्षर जागेवर होतं, प्रत्येक गुण मोजलेला होता. तेरा दिवस, एक एस.टी. प्रवास आणि एक म्हैस, एवढ्यातून ती निघाली होती. ती कपाटात ठेवायची त्यांची इच्छा होईना. त्यांनी ती सरांच्या यादीशेजारी टाचणीनं लावली आणि चहाला गेले.

बाराच्या सुमाराला बोर्डापुढं गर्दी जमली. दीडला सर पायऱ्यांवर येऊन उभे राहिले.

“पालकहो, शांत व्हा. ती दुसरी यादी चुकीची आहे. आमच्या एका कर्मचाऱ्यानं परवानगीशिवाय सर्व्हरमध्ये बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यामुळं मशीननं भलतेच गुण दिले. तांत्रिक बिघाड आहे.”

तीन कोटेशनांची फाइल सरांच्याच टेबलावर होती. ताहेर गर्दीच्या मागं उभे होते. सर्व्हर बिघडलेला असताना त्यानं टाळ्या घेतल्या होत्या. आता तो नीट होता.

तीन वाजता केबिनमध्ये एक टाइप केलेलं पत्र त्यांच्यापुढं ठेवण्यात आलं. ‘मी सर्व्हरमध्ये व्हायरस टाकल्याने निकाल चुकीचा लागला, याची जबाबदारी माझी आहे.’

“मी सही करणार नाही,” ताहेर म्हणाले.

“नका करू.” सर शांत होते. “तुमची मुबश्शिरा बारावीला आपल्याकडंच आहे ना? स्टाफच्या सवलतीत. हुशार पोरगी. आता मधेच दुसरीकडं कुठं जाईल ती? कुणी घेतं का बारावीला?”

ताहेरनी खिशातून पेन काढलं. पत्र पुन्हा वाचलं. ‘व्हायरस’ खोडून वर ‘पूरक रिपॉझिटरी’ असं लिहिलं. ‘सर्व्हर’मधला ‘व्ह’ चुकीचा पडला होता, तो नीट केला. मग सही केली.

“एवढं कशाला?” सरांनी विचारलं.

“व्हायरस नव्हता, सर.”

बाहेर आले तर त्यांच्या खोलीच्या दारात एक बाई उकिडवी बसली होती. सोबत कुणी नव्हतं. धुरपताबाई, राजश्रीची आई. ताहेरना पाहून उठली.

“साहेब, त्या कागदावर माझ्या लेकीचं नाव पैलं व्हतं. मी वाचलं. मला वाचता येतं. आता तो कागद न्हाई तिथं.”

“काढला तो.”

“मशीन चुकलं म्हून सांगून राहिले. चुकलं का?”

मघाशीच त्यांनी लिहून दिलं होतं, की चुकलं. शाई वाळायची होती.

“नाही चुकलं, बाई.”

“मग घेतील का तिला?”

“नाही घेणार.”

धुरपताबाई भांडली नाही. भांडली असती तर ताहेरना सोपं गेलं असतं. तिनं फक्त विचारलं, “मग तो कागद मला देता का? एवढ्या लांबून आले मी.”

ताहेरनी यादी पुन्हा छापली. पहिल्या नावाखाली रेघ मारली. ‘संगणक विभाग’ असा शिक्का होता, तो मारला. बाईनं कागदाची चौघडी केली, कमरेच्या पिशवीत घातली आणि बसस्टँडचा रस्ता विचारून निघून गेली.

घरी बायकोनं, बानोनं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तुम नौकरी सर की करते, की मशीन की?” उत्तराची वाट न बघता ती भाकरी करायला उठली.

मुबश्शिरा क्लासवरून आली ती दप्तर न काढता अब्बांच्या समोर बसली. ती चांगली उंच झाली होती. वर्गात सरांनी आज शिकवता शिकवता उदाहरण दिलं होतं. बाहेरचं मूलद्रव्य मिसळलं की अख्खी अभिक्रिया कशी नासते, जसा आपला सर्व्हर नासला. सगळा वर्ग वळून तिच्याकडं बघत होता.

“अब्बा, तुमच्याकडून खरंच चूक झाली?”

“झाली, बेटा. शनिवारी. यादी न वाचता मी हो म्हटलं.”

“आणि आजचा निकाल?”

“आजचा बरोबर होता.”

“मग तुम्ही सही कशाला केली?”

ताहेरनी ताटातला तुकडा मोडला. तिच्याकडं बघितलं नाही. मग तिला कळलं. कळलं हे त्यांना तिच्या दप्तराच्या आवाजावरून समजलं, कारण तिनं ते खांद्यावरून काढून, क्लासची वही बाहेर न काढता, भिंतीशी लांब ढकलून दिलं.

“पहिली कोण आली होती?” तिनं विचारलं.

“राजश्री म्हणून आहे. चौऱ्याण्णव.”

“मला पंच्याऐंशीच्या वर कधी पडले नाहीत,” मुबश्शिरा म्हणाली. “कुठं शिकेल ती आता?”

“माहीत नाही,” ताहेर म्हणाले, आणि बानोनं वाढलेली दुसरी भाकरी त्यांनी नको म्हणून परत केली.